टीव्ही-मोबाइलमध्ये आधीच बसवलेली व्हिडिओ अ‍ॅप्स आणि आपली खाजगी माहिती: तुमचे अनुभव सांगा

गेल्या महिन्यात आई-बाबांकडे नवा टीव्ही आला. चालू करताच अटींची पानं एकामागून एक यायला लागली. बाबा शेजारी बसून विचारत होते, "लागला का रे?" मी 'मान्य', 'मान्य' दाबत सुटलो. रात्री सेटिंग्ज उघडून बसलो तेव्हा कळलं, आपण काय बघतो ती माहिती जाहिरातींसाठी द्यायला, आवाज साठवायला आणि आधीपासून बसवलेल्या तीन व्हिडिओ अ‍ॅप्सच्या सगळ्या अटींना मी होकार देऊन बसलोय. त्यातली दोन अ‍ॅप्स काढताही येत नाहीत. टीव्ही बाबांचा, बघणार ते दोघं, आणि होकार माझा. हे मला फार खटकतंय.

तुमच्याकडे काय झालं? कंपनीचं नाव नको, घडलं ते लिहा.

सांजवेळ

आमच्या घरी हे जिव्हारी लागलं. आईच्या तपासण्यांचा निकाल आला होता आणि तो तिला डॉक्टरांसमोरच सांगायचा, असं आम्ही भावंडांनी ठरवलं होतं. मधल्या दोन रात्री मी आणि वहिनी टीव्हीतल्या अ‍ॅपवर त्या आजाराचे कार्यक्रम बघत बसलो, आवाज अगदी बारीक करून. तिसऱ्या दिवशी सकाळी आईने तिचा मोबाइल माझ्यापुढे धरला. "मला हे का दाखवतायत गं?" त्याच आजारावरच्या उपचारांची जाहिरात होती.

ती टीव्हीमुळेच आली हे मी सिद्ध करू शकत नाही. पण एका वाय-फायवरची उपकरणं बाहेरून एकाच आयपी पत्त्याची दिसतात आणि जाहिरातवाले त्यावरून 'हे एक घर' असा हिशेब मांडतात, हे मला नंतर समजलं. बघितलं आम्ही, आणि दाखवलं गेलं तिला. तिला सगळं सांगावं लागलं ते तिथेच, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या. दोन वर्षं झाली. आई आता बरी आहे. ती सकाळ मात्र माझ्या मनातून जात नाही.

दुर्बीण

सांजवेळ, वाचून वाईट वाटलं. आईंना नमस्कार सांगा.

एक गोष्ट सगळ्यांना माहीत असायला हवी. अ‍ॅप सोडून टीव्ही स्वतःही नोंद ठेवू शकतो. ऑटोमॅटिक कंटेंट रेकग्निशन, थोडक्यात एसीआर. पडद्यावरच्या चित्राचा किंवा आवाजाचा एक ठसा घ्यायचा आणि सर्व्हरवरच्या ठशांशी ताडून बघायचा. चित्र केबलवरून येवो की एचडीएमआयला जोडलेल्या दुसऱ्या उपकरणातून, ते ओळखता येतं. व्हिझिओ या टीव्ही बनवणाऱ्या कंपनीचं प्रकरण याच गोष्टीचं. २०१४ पासून १ कोटी १० लाख टीव्हींवर, लोकांची संमती न घेता, सेकंदासेकंदाची नोंद घेतली, असा अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा आरोप होता. आधी विकलेल्या टीव्हींमध्येही ही सोय दूरवरून बसवली होती! २०१७ मध्ये कंपनीने २२ लाख डॉलर भरून तडजोड केली.

बंद करायचं बटण असतं, पण नावावरून कळत नाही. एलजीत 'लाइव्ह प्लस', सॅमसंगमध्ये 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस'. आणि हे बंद केलं तरी अ‍ॅप स्वतः ठेवतं तो इतिहास थांबत नाही. तो प्रत्येक अ‍ॅपमध्ये जाऊन वेगळा पुसावा लागतो.

पाऊलवाट

माझा अनुभव मोबाइलचा. फोनसोबत आलेलं व्हिडिओ अ‍ॅप मी एकदाही उघडलेलं नव्हतं. घरच्या नेटवर्कवर पाय-होल (कोणतं उपकरण कोणत्या सर्व्हरचा पत्ता विचारतं ते दाखवणारं आणि अडवणारं सॉफ्टवेअर) बसवलं आणि नोंदी बघितल्या, तर रात्री सगळे झोपलेले असताना ते अ‍ॅप आपल्या सर्व्हरला हाका मारत होतं. काय पाठवत होतं ते दिसत नाही, माहिती कुलूपबंद जाते. 'अनइन्स्टॉल' नव्हतंच, 'डिसेबल' होतं. ते केल्यावर हाका थांबल्या.

एक वाचक

माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही, त्यामुळे मला फरक पडत नाही. मी मालिका बघते आणि क्रिकेट.

दुर्बीण

तुमच्या मताचा आदर आहे, पण एक आठवण सांगतो. १९८७ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट बोर्क यांचं नाव सर्वोच्च न्यायालयासाठी पुढे आलं, तेव्हा एका वृत्तपत्राने त्यांनी दुकानातून भाड्याने नेलेल्या व्हिडिओंची यादी छापली. यादीत वावगं काहीच नव्हतं. तरीही पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, अशा याद्या उघड करण्याविरुद्ध तिथे कायदा झाला. माणूस घरात काय बघतो हे त्याचं स्वतःचं आहे, एवढं पुरेसं होतं.

नाव नको

मी अशाच एका अ‍ॅपच्या आकडेवारीवर काम केलंय. कुठे थांबवलं, कुठे मागे नेलं, किती वाजता बंद केलं, हे सगळं उपकरणाच्या क्रमांकासह यायचं. नाव नसायचं. पण महिनाभराच्या नोंदी समोर असल्या की त्या घरात लहान मूल आहे का, रात्री कोणाला झोप येत नाही, हे नावाशिवायही कळतं. मी ते काम सोडलं. माझ्या घरी आता प्रत्येकाचं प्रोफाइल वेगळं आहे, आणि दर महिन्याला जाहिरातींचा आयडी, म्हणजे जाहिरातवाले उपकरण ज्यावरून ओळखतात तो क्रमांक, रीसेट करतो.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. काल बाबांकडे जाऊन टीव्ही फॅक्टरी रीसेट केला आणि एकेक पान दोघांना वाचून दाखवलं. पाऊण तास गेला. आईने आवाजाला नाही म्हटलं, बाबांनी जाहिरातींना. एका पानावर मात्र नुसतंच 'मान्य' होतं, नाही म्हणायला बटणच नव्हतं. बाबांनी ते पान दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाले, "वाय-फाय काढ." सध्या टीव्ही केबलवर चालू आहे.