सगळे अणू हुबेहूब, मग अनिश्चितता येते कुठून?

ओहमवाला, वेर्णा:
मी औषध कारखान्यात तापमापकं कॅलिब्रेट करतो. परवा बर्फाच्या थर्मासात पीटी-१०० (रोधावरून तापमान सांगणारा प्लॅटिनमचा संवेदक) बुडवला. १०० ओहम यायला हवेत, आले १००.४. म्हणजे एक अंश जास्त! ५० रीडिंगं घेतली, सरासरी तीच. दोन तारांवर जोडल्यामुळे तारेचाच रोध त्यात मिसळत होता. चार तारांवर घेतला आणि सुतासारखा सरळ आला.

प्रश्न असा : ऑप्टिकल घड्याळ अणूंच्या प्रकाशाच्या वारंवारतेवरून वेळ मोजतं; त्यात स्ट्रॉन्शियमचे हजारो अणू लेझरच्या जाळीत धरतात. एक अणू दुसऱ्यापेक्षा वेगळा नाही. मग अणू वाढवत गेलं की अनिश्चितता शून्याकडे जायला हवी ना? घोडं अडतं कुठे?

शीतकढी:
ओहमवाले बाब, उत्तर तुमच्या थर्मासातच आहे. अणू १०० पट केले तर थरथर १० पट कमी होते, पण सगळे मिळून एकाच बाजूला सरकले असतील तर सरासरी काय करणार? शिवाय दाटी केली की अणू एकमेकांना भिडतात, त्याने वेगळाच सरक, म्हणजे वारंवारतेत फरक, येतो.

जाळीच्या प्रकाशाने येणारा सरक बऱ्यापैकी आवरलाय. जाळीच्या लेझरची तरंगलांबी ८१३ नॅनोमीटरच्या आसपास ठेवली की अणूच्या ज्या दोन ऊर्जापातळ्यांमधल्या फरकावर घड्याळ चालतं, त्या दोन्ही सारख्याच सरकतात. ही युक्ती जपानी भौतिकशास्त्रज्ञ कातोरींची. पण भिंतींतून येणारं उष्णतेचं प्रारण? २७ अंशांच्या खोलीत घड्याळाची ४२९ टेराहर्ट्झची वारंवारता साधारण २.३ हर्ट्झने घटते आणि ही घट केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. एक अंश चुकलात तर ०.०३ हर्ट्झ. ऐकायला चिल्लर, पण १० च्या उणे १८ व्या घाताच्या हिशोबात ती सत्तरपट चूक!

आल्तिनोकर:
उंचीही विसरू नका. घड्याळ १ सेंटिमीटर वर उचललं तरी गुरुत्वाकर्षणामुळे त्याच घातात फरक पडतो.

ओहमवाला, वेर्णा:
मग अणूंच्या जवळचं तापमान मोजतात कशाने?

शीतकढी:
प्लॅटिनमने! अमेरिकेतल्या बोल्डरच्या जिला (JILA) प्रयोगशाळेने २०१५च्या घड्याळात निर्वात कक्षाच्या आतच प्लॅटिनमचे पातळ संवेदक बसवले, तेही आधी नीट कॅलिब्रेट करून. २०२४ साली तिथलीच अनिश्चितता १० च्या उणे १९ व्या घातात ८.१ वर आली.

ओहमवाला, वेर्णा:
देव बरें करूं. चार तारांची केबल मागितली की आमचे साहेब खर्चाचं रडगाणं लावतात, उद्या त्यांना हाच धागा वाचायला देतो.