कराडचे आई-बाबा, सहा वर्षांचा मुलगा आणि तंबू: एडिसनजवळचं स्टेट पार्क सुचवा

चहाबाज
नमस्कार मंडळी. सासूसासरे कराडहून आमच्याकडे एडिसनला (न्यू जर्सी) आलेत, सप्टेंबरपर्यंत आहेत. न्यूयॉर्क, नायगारा, वॉशिंग्टन सगळं उरकलं. आता बाबा म्हणतात, "इमारती पुष्कळ बघितल्या, जरा झाडं दाखवा." आणि लेकाला तंबूतच झोपायचंय. आम्ही आयुष्यात तंबू टाकलेला नाही.
अटी अशा: गाडीने चार तासांच्या आत. समुद्र हवा. सोपी पायवाट हवी, आईंचे गुडघे दुखतात. काहीतरी प्राणी दिसायला हवा (खार सोडून). जूनअखेर, दोन रात्री. जागेचं भाडं, तंबू, जेवणखाण सगळं धरून ३०० डॉलर. तंबू अजून घ्यायचाय. सुचवा.

सह्यभटक्या
असाटीग, मेरीलँड. डोळे झाकून जा. ३७ मैल लांब वाळूचं बेट, एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि बेटावर मोकळे हिंडणारे घोडे. आम्ही सलग पाच वर्षं जातोय. पहिल्या वर्षी पहाटे तंबूची चेन उघडली तर बाहेर काहीच दिसेना, नुसतं तपकिरी. डोळे चोळून बघितलं तर घोड्याचं पोट! हात पुढे केला असता तर लागला असता. केसांत वाळू, पोटावर माश्या, आणि साहेब आमच्या दोरीवरचा ओला टॉवेल निवांत चाटत होते.
तंबू मात्र चांगला घ्या. आमचा ७०० चा आहे. वादळात शेजारच्यांचे तीन तंबू आडवे झाले, आमचा जागचा हलला नाही.

चहाबाज
सगळं मिळून ३०० लिहिलंय हो.

सह्यभटक्या
एकदाच खर्च करायचा. बारा वर्षांत भागलं तर वर्षाला साठसुद्धा पडत नाहीत.

सुगरण०७
असाटीगला +१. पण तिथे धपाटे नेऊ नका. म्हणजे न्या, पण टेबलावर ठेवू नका. सत्तावीस धपाटे, लसणाची चटणी आणि दह्याचा डबा कूलरमध्ये होता. आम्ही पाण्यात होतो. परत येतो तर कूलर उघडा आणि एक घोडी त्यात तोंड घालून उभी. झाकण नाकाने उचलतात मेले! चटणी तेवढी ठेवली होती. रेंजर आला तो घोडीला काही बोलला नाही, आम्हालाच बोलला. खाणं कायम गाडीत बंद, आणि घोड्यांपासून ४० फूट लांब. हौसेने भरवणाऱ्याला दंड होतो.

खडूस
ते जंगली घोडे नाहीत. पाळीव घोड्यांचे वंशज आहेत, त्यांना मोकाट म्हणतात. जंगली म्हणजे वाघ.

सह्यभटक्या
तिकडच्या पाट्यांवरही वाइल्ड हॉर्सेसच लिहिलंय. आता पाट्याही बदलायच्या का?

खडूस
पाटीवर काय वाट्टेल ते लिहितात. आमच्या सोसायटीच्या पाटीवर 'शांतता राखा' लिहिलंय.

इतिहासप्रेमी
बुडालेल्या स्पॅनिश गलबतावरून पोहत आले ही दंतकथा तिकडे फार लाडकी आहे. पण सतराव्या शतकात वसाहतवाल्यांनी कुंपणाचा खर्च आणि कर चुकवायला जनावरं बेटांवर सोडली, हेच जास्त पटतं. बेट दोन राज्यांत आहे, मेरीलँड आणि व्हर्जिनिया, आणि सीमेवर कुंपण आहे, त्यामुळे कळपही दोन. व्हर्जिनियाचा कळप तिथल्या स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या मालकीचा. दर वर्षी जुलैच्या शेवटच्या बुधवारी घोडे पोहवत खाडीपार नेतात आणि दुसऱ्या दिवशी शिंगरांचा लिलाव होतो. हे १९२५ पासून चालू आहे. लिलावाच्या पैशातून बंबांचा खर्च निघतो आणि कळप १५० च्या आत राहतो. मेरीलँडकडे लिलाव नाही, तिकडे घोड्यांना संततिनियमनाची लस बाणाने टोचायचे.
पोटं फुगलेली दिसली तर गाभण समजू नका. खारं गवत खाऊन दुप्पट पाणी पितात, म्हणून तशी दिसतात.

चहाबाज
हे फार भारी आहे. पण आम्हाला जूनअखेर जायचंय, लिलावाला नाही :)

उंटावरून
तंबूच का? आरव्ही (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) भाड्याने घ्या. एसी, संडास, फ्रिज सगळं. आम्ही फ्लोरिडाला नेली होती, दिवसाला २२० पडले.

चहाबाज
दादा, दोन दिवसांचे ४४० होतात.

उंटावरून
पण संडास स्वतःचा.

डेलावेअरकर
थोडं कामाचं लिहितो. एकाच बेटावर दोन वेगळी कारभाराची ठिकाणं आहेत, लोक हमखास गोंधळतात. असाटीग स्टेट पार्क मेरीलँड राज्याचं, त्याला लागून असलेला नॅशनल सीशोअर (संरक्षित समुद्रकिनारा) केंद्राचा. तुमच्याकडे नॅशनल पार्कचा वार्षिक पास असेल तर तो स्टेट पार्कच्या नाक्यावर चालत नाही. आम्ही रांगेत उभे राहून, पास दाखवून, तोंड पाडून पैसे भरलेत.
आई-बाबा बरोबर आहेत म्हणून स्टेट पार्कच घ्या. तिथे गरम पाण्याची न्हाणीघरं आणि फ्लशचे संडास आहेत. सीशोअरमध्ये थंड पाणी आणि खड्ड्याचे संडास. पायवाटा मात्र सीशोअरमध्ये छान आहेत. दलदल, वन आणि वाळूचे ढिगारे अशा तीन छोट्या वाटा, प्रत्येकी मैलाच्या आत. गुडघ्यांना झेपतील.
आता वाईट बातमी. स्टेट पार्कचं आरक्षण वर्षभर आधी उघडतं, सीशोअरचं सहा महिने आधी. आज मे अर्धा संपला. जूनअखेरची शनिवार-रविवारची जागा म्हणजे संध्याकाळी सहाला दादरला खिडकीची सीट. रविवार ते मंगळवार शोधा आणि रद्द झालेल्या जागा रोज सकाळी बघत राहा. आम्हाला तशीच मिळाली होती, अकराव्या दिवशी.

सह्यभटक्या
आम्ही वर्षभर आधीच करतो. जानेवारीतच गजर लावून ठेवलेला असतो.

गोगलगाय
जूनअखेर असाटीग? डास बघितलेत का? वारा समुद्राकडून असला तर बरं, जमिनीकडून फिरला की संपलं. हिरव्या डोळ्यांच्या माश्या चावतात त्या वेगळ्याच, कापडातून चावतात. आमच्या बहिणीने दोन तासांत गाडी वळवली. तिथे जायचं तर एप्रिल किंवा ऑक्टोबर.

सुगरण०७
डासांना +१. मी लिहिणारच होते. ऑडोमास पुरत नाही.

गोगलगाय
आणि वाळूत साधे खुंटे धरत नाहीत. लांब खुंटे लागतात, फूटभर तरी, नाहीतर तंबू पतंगासारखा उडतो. एका ऑनलाइन दुकानातून ६० डॉलरला तंबू घेतला होता, खुंटे पेन्सिलीएवढे. रात्री दोन वाजता चारही कोपऱ्यांवर चौघं झोपलो, वजन म्हणून.

पक्षीवेडी
एवढं लांब कशाला? डेलावेअर उपसागराच्या किनाऱ्यावर मे-जूनच्या पौर्णिमा-अमावास्येला रात्रीच्या भरतीबरोबर हॉर्सशू क्रॅब (घोड्याच्या नालासारख्या कवचाचे समुद्री जीव) अंडी घालायला हजारोंनी येतात. डायनासोरांच्याही आधीपासूनचा जीव! ती अंडी खायला रेड नॉट नावाचे पक्षी दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडून येतात. लेकाला आयुष्यभर लक्षात राहील. उलटा पडलेला दिसला तर कवचाच्या कडेने धरून सुलटा करा, शेपटीला धरून कधीच नाही. मुलं हे काम फार मन लावून करतात.
फक्त न्यू जर्सीकडचे काही किनारे पक्ष्यांसाठी ७ जूनपर्यंत बंद असतात. आणि हे पोहायचं पाणी नव्हे.

उंटावरून
खेकडे खाता येतात का ते?

पक्षीवेडी
नाही. आणि ते खेकडे नाहीत, कोळ्यांचे भाऊबंद आहेत.

खडूस
मग नावात क्रॅब कशाला? हेच म्हणतोय मी मघापासून.

डेलावेअरकर
पक्षीवेडी म्हणताहेत त्याच बाजूला केप हेनलोपन स्टेट पार्कही आहे, डेलावेअरला. तंबूच्या जागा आहेत, समुद्र आहे, दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या जहाजांवर नजर ठेवायला बांधलेले सिमेंटचे उंच मनोरे आहेत, त्यातल्या एकावर चढता येतं. गॉर्डन्स पॉन्डची वाट सपाट आहे. न्यू जर्सीतल्या केप मे गावाहून डेलावेअरच्या लुइसला फेरीबोट जाते, दीडेक तास लागतो, कधीकधी डॉल्फिनही दिसतात. फेरीत गाडी घालायचा खर्च धरला तर मात्र तुमचे ३०० संपले.

चहाबाज
फेरी कटाप. इथलं न्यू जर्सीतलं आयलंड बीच स्टेट पार्क कसं आहे? तासाभरावर आहे म्हणतात.

डेलावेअरकर
किनारा सुंदर, जवळपास दहा मैल, लाल कोल्हे हमखास दिसतात. पण मुक्काम करता येत नाही, आणि उन्हाळी शनिवार-रविवारी गाड्या भरल्या की नाका बंद. आठच्या आत पोचा.

आजोबागिरी
६२ वर्षांवरच्यांना न्यू जर्सीत स्टेट पार्कचा मोफत पास मिळतो. आई-बाबांचा काढून घ्या.

डेलावेअरकर
तो न्यू जर्सीच्या रहिवाशांना. पाहुण्यांना नाही.

आजोबागिरी
मला मिळाला.

डेलावेअरकर
तुम्ही रहिवासी आहात.

आजोबागिरी
हां ते आहे.

गोगलगाय
गोचिडांचं कोणीच लिहिलं नाही! कुठेही जा, फिकट पँट, मोज्यात खोचलेली, आणि रात्री अंग तपासायचं. लाइम रोगाची गोचीड तिळाएवढी असते. दुसरं म्हणजे घरचं लाकूड नेऊ नका, कीड पसरते, तिथलंच विकत घ्या. तिसरं, असाटीगला जाऊ नका, डास.

सुगरण०७
आणि कुकर नेणार असाल तर आधी वाटाघाटी करून घ्या. आमच्या तिसऱ्या शिट्टीला शेजारच्या तंबूतले आजोबा अर्धी दाढी करून धावत आले. त्यांना वाटलं काही तरी फुटणार. नंतर वरणभात खाऊन गेले, तो भाग वेगळा.

चहाबाज
सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री घरात बैठक झाली. घोड्यांचे फोटो दाखवल्यावर बाबा म्हणाले, "आमच्या आळीत टांग्यांचा अड्डा होता, घोडे बघायला चार तास कशाला जायचं?" आईंचा एकच प्रश्न, "रात्री जावंसं वाटलं तर किती लांब?"
तर आम्ही चीझक्वेक स्टेट पार्क घेतलंय. घरापासून पंचवीस मिनिटं. तंबू शेजाऱ्यांचा उसना.

सह्यभटक्या
चीझक्वेक??? तिथे समुद्र कुठाय?

चहाबाज
नाहीच. खारी दलदल आहे, देवदाराच्या दलदलीवरून लाकडी फळ्यांची वाट आहे, पोहायला हूक्स क्रीक नावाचं तळं आहे. समुद्र सँडी हूकच्या किनाऱ्यावर एक दिवस बघून येऊ, तिथे १७६४ चा दीपस्तंभ आहे, तो बाबांना आवडेल. आणि लेकाने नाव ऐकून चीजकेक पार्क असं ठेवलंय, तो आता दुसरीकडे यायलाच तयार नाही.

उंटावरून
गार्डन स्टेट पार्कवे हा हायवे अगदी शेजारून जातो. रात्रभर ट्रकांची घरघर. झोप येणार नाही.

खडूस
पार्कवेच्या त्या भागात मोठे ट्रक चालत नाहीत.

उंटावरून
मग गाड्यांची घरघर.

पक्षीवेडी
ऑस्प्रे बघायला विसरू नका, मासा पायांत धरून उडताना मस्त दिसतो. दलदलीच्या कडेला एक चिमटा मोठा असलेले इटुकले खेकडे असतात. हो, ते खेकडेच आहेत, खडूस.

चहाबाज
जाऊन आलो, म्हणून धागा वर काढतेय. एकूण खर्च १७१ डॉलर, त्यातले अकरा लाकडाचे आणि चौदा आइस्क्रीमचे. सगळ्यात छोटी, पिवळी पायवाट आई दोनदा चालल्या, एकदा आमच्याबरोबर आणि एकदा आम्ही तंबू टाकत असताना एकट्या. हरीण दिसलं, ऑस्प्रे दिसला. रॅकूनने पहिल्या रात्री श्रीखंडाचा डबा पळवला, सुगरणताई, कूलरला कुलूप लावायचं राहिलं होतं. सकाळी झाडीत झाकण सापडलं, चाटून लख्ख.
घरघर होती, उंटावरून बरोबर आहेत. मी आणि नवरा टक्क जागे. बाबा घोरत होते. सकाळी विचारलं तर म्हणाले, "आपलं घर पुणे-बंगळूर हायवेला लागून आहे, मला तर इथे आल्यापासून पहिल्यांदा नीट झोप लागली." आता पुढच्या शनिवारी परत जायचं म्हणतायत.

सह्यभटक्या
छान. पुढच्या वर्षी आले की असाटीग. आत्ताच बुक करा.