जुन्या संगणकाचा मेन्स स्विच: तारांच्या रंगावर विसंबायचं का?

जुनी_पेटी

१९९५ मध्ये एटीएक्स, म्हणजे संगणकाच्या डब्याची आणि सप्लायची नवी रचना, आली. त्याआधीच्या, एटी या जुन्या रचनेच्या संगणकांत समोरचं बटण म्हणजे बहुधा थेट मेन्सचा, म्हणजे भिंतीतल्या विजेचा, स्विच. पॉवर सप्लायमधून चार तारांची जाड केबल निघून पुढच्या पॅनेलपर्यंत जाते आणि तिच्यात १२० किंवा २३० व्होल्ट असतात. बटण तुटलं किंवा आधीच्या मालकाने तारा काढून ठेवल्या की प्रश्न येतोच: काळी, पांढरी, तपकिरी, निळी, यातली कुठली कुठे? आणि कुणीतरी हमखास सांगतं, "तपकिरी-निळी एका बाजूला, काळी-पांढरी दुसऱ्या बाजूला."

असं उत्तर देणं थांबवा, एवढंच माझं म्हणणं आहे. आंतरराष्ट्रीय पद्धतीत तपकिरी म्हणजे फेज (जिवंत तार) आणि निळी म्हणजे न्यूट्रल (परतीची तार). अमेरिकन पद्धतीत काळी फेज, पांढरी न्यूट्रल. या केबलमध्ये दोन्ही पद्धतींचे रंग एकत्र आले आहेत. ज्या सप्लायमध्ये तपकिरी आणि निळी दोन्ही प्लगकडून येतात, तिथे त्या स्विचच्या एकाच पोलवर (बटण दाबल्यावर एकमेकींना जुळणाऱ्या दोन पिनांच्या जोडीवर) लावल्या तर बटण दाबताक्षणी फेज-न्यूट्रल थेट शॉर्ट. सप्लायचा फ्यूज बहुधा स्विचच्या पुढे, आतल्या बोर्डावर असतो. त्यामुळे तो या शॉर्टच्या वाटेत येतच नाही. घरचा ब्रेकर पडेल, पण तोवर स्विचचे काँटॅक्ट चिकटलेले असतील आणि तुमचं बोट बटणावर असेल.

मल्टिमीटरने तपासायला दोन मिनिटं लागतात. प्लग भिंतीतून काढा, थोडा वेळ जाऊ द्या, चारही तारा स्विचपासून सोडवा. मीटर बझरवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजतो) ठेवून सप्लायच्या मागच्या सॉकेटची एकेक पिन प्रत्येक तारेशी लावून पाहा. ज्या दोन वाजतील त्या येणाऱ्या, उरलेल्या दोन जाणाऱ्या. एका पोलवर एक येणारी आणि एक जाणारी, बस. स्विचच्या कुठल्या पिना एका पोलच्या, तेही मीटरनेच ठरवा.

लोखंडी_डबा

मला हे पटत नाही. नवख्या माणसाला मेन्सला हात लावायला सांगायचंच कशाला? सरळ एटीएक्स सप्लाय बसवा. त्याची हिरवी तार, म्हणजे वीस पिनांच्या कनेक्टरची १४ नंबरची पिन, त्याच कनेक्टरच्या काळ्या (ग्राउंड) तारेला जोडली की सप्लाय चालू. पुढच्या बटणात उरतात फक्त ५ व्होल्ट. दाबल्यावर दबून राहणारं बटण हवं, एवढीच अट. एटी मदरबोर्डाच्या पी८-पी९ या दोन वीज-कनेक्टरांसाठी अडॅप्टर मिळतात. काळ्या तारा मध्यभागी शेजारी-शेजारी आल्या की काम झालं. तुमच्या मीटरच्या परीक्षेत एक चूक झाली तर जिवावर बेतेल. माझ्या जोडणीत चूक झाली तर संगणक चालू होणार नाही, इतकंच.

जुनी_पेटी

पी८-पी९ उलटे लागले तर "इतकंच" होत नाही, मदरबोर्ड जातो. पण मुख्य आक्षेप वेगळा आहे. एटीएक्सचं बटण बंद केलं तरी प्लग लावलेला असेपर्यंत ५ व्होल्टचा स्टँडबाय चालू असतो, आणि आतले मोठे कपॅसिटर भरलेले राहतात. २३० व्होल्टवर ते ३२० च्या आसपास डीसी असतं. म्हणजे धोका डब्यात राहिलाच, बटणावरून आत सरकला. शिवाय पुढच्या एटीएक्स सप्लायमधून उणे ५ व्होल्ट काढून टाकले गेले, आणि काही जुन्या आयएसए कार्डांना (मदरबोर्डाच्या जुन्या खाचांत बसणाऱ्या जोडकार्डांना) ते लागतात. नव्या सप्लायची ताकद १२ व्होल्टवर असते, जुने बोर्ड ओढतात ५ व्होल्टवरून. तुमचा उपाय चालतो, पण "सुरक्षित म्हणून" तो सुचवणं मला मान्य नाही.

फेज_न्यूट्रल

मूळ धाग्यातल्या पद्धतीत एक भोक आहे आणि ते कुणी बोललं नाही. मीटरने येणाऱ्या दोन तारांतली फेज कळते. जाणाऱ्या दोघींपैकी फ्यूजकडे जाणारी कुठली, हे कसं कळणार? त्या उलट लागल्या तरी संगणक छान चालेल, कारण पुढे ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) आहे, त्याला तारांची अदलाबदल चालते. पण फ्यूज न्यूट्रलवर गेला. मग आत फेजचा अर्थशी संबंध आला, तर तो फ्यूज त्या वाटेवर नसेल.

जुनी_पेटी

मुद्दा बरोबर आहे, आणि बझर इथे खरंच अपुरा पडतो. सप्लायच्या लेबलवर स्विचची आकृती छापलेली असेल तर तिच्यावरून ठरवावं. नसेल तर आतली फ्यूजकडे जाणारी तार पाहावी लागते, आणि ते झाकण उघडणं जाणत्याचं काम. मात्र ज्या देशांत प्लग उलटाही बसतो तिथे फेज कुठल्या पिनेवर येईल याची खात्री नसतेच. म्हणून तर स्विच दोन पोलचाच हवा. एकाच तारेवर साधं बटण लावलेले डबे दिसतात. ते बंद असताना आतला अख्खा सप्लाय फेजवर असू शकतो.

लोखंडी_डबा

मग इतका खटाटोप कशाला? आतला स्विच कायमचा चालू ठेवा आणि एक्स्टेन्शन बोर्डाच्या बटणावर चालवा.

फेज_न्यूट्रल

कित्येक बोर्डांचं बटण एकच तार तोडतं. वायरिंग उलटं असेल तर फेज डब्यात तशीच. रोज प्लग ओढून काढणार असाल तर ठीक आहे.

डाग_आणि_तार

सगळे आकृतीवर भांडताय, पण धोका बहुतेक वेळा टोकाला असतो. जुन्या स्विचच्या पिनांवरच्या टोप्या कडक होऊन तडकतात आणि पॅनेलचा पत्रा तर काही मिलिमीटरवर. नुसता डाग देऊन (सोल्डर करून) वर चिकटपट्टी गुंडाळणं मला चालत नाही. डाग दिलेल्या जागी तार ताठ होते, आणि बटण रोज दाबलं जाऊन तिथेच तुटते. पिनेच्या मापाचा, पूर्ण झाकलेला स्पेड लग (पिनेवर सरकवायचं चपटं टोक) तारेवर क्रिम्प करा, म्हणजे दाबून बसवा, आणि ओढून पाहा. केबल पत्र्याच्या कडेवरून जात असेल तर भोकात रबरी ग्रोमेट (कडेला बसणारी रबरी कडी). स्विचवर २५० व्होल्ट एसी लिहिलेलं हवं. चालू करताक्षणी कपॅसिटर भरताना स्विचला करंटचा मोठा झटका बसतो, म्हणून तो झटका सोसण्याचा आकडाही बघा. गाडीतला १२ व्होल्टचा स्विच दिसायला तसाच असतो, तो अजिबात नको.

आणि अर्थची हिरवी-पिवळी तार! रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून डब्याच्या पत्र्याला घट्ट. ती सुटलेली असेल तर फिल्टरचे कपॅसिटर सगळा पत्रा मेन्सच्या निम्म्या व्होल्टेजपर्यंत चढवतात. हात लावल्यावर मुंग्या येतात त्या यामुळेच.

लोखंडी_डबा

टोकांबद्दलचं सगळं मान्य. नवख्याने एटीएक्स लावावं, हे माझं मत तरीही कायम आहे. पण मूळ सप्लायच वापरायचा असेल, तर जोडून झाल्यावर तपासायचं कसं, तेही इथे लिहा. ते न लिहिता लोक थेट प्लग लावतात.

जुनी_पेटी

प्लग बाहेरच ठेवून, सॉकेटच्या पिनांवर मीटर लावा. स्विच चालू: फेज-न्यूट्रलमध्ये बझर वाजता कामा नये. वाजला तर तोच तो शॉर्ट. दोन्ही पिना आणि अर्थ यांच्यातही वाजायला नको. अर्थची पिन आणि डब्याचा उघडा पत्रा, इथे मात्र वाजलाच पाहिजे. यानंतर ११५/२३० चा निवडक स्विच तुमच्या मेन्सनुसार आहे ना ते बघा. ११५ वर ठेवून २३० दिले तर आतले कपॅसिटर फुटतात. पहिल्यांदा चालू करताना मध्ये फिलॅमेंटचा बल्ब सिरीजमध्ये लावा. क्षणभर उजळून मंदावला तर पुढे जा. लख्ख पेटून राहिला तर लगेच बंद करून प्लग काढा.