उतारवयातल्या मडी वॉटर्सचा अल्बम: निर्मात्याने कुठे थांबावं?

स्लाइडवेडा:
ऑक्टोबर १९७६. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या वेस्टपोर्टला 'द स्कूलहाऊस' नावाचा स्टुडिओ. ब्लूज या अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या संगीतातला गायक-गिटारवादक मडी वॉटर्स याने साठी ओलांडली होती. शिकागोच्या चेस या रेकॉर्ड कंपनीशी जवळजवळ तीन दशकांचा संबंध नुकताच संपला होता. निर्माता म्हणून समोर होता टेक्ससचा गिटारवादक जॉनी विंटर, मडीपेक्षा तीस वर्षांनी लहान आणि त्याची गाणी ऐकतच मोठा झालेला. तीन दिवसांत 'हार्ड अगेन' हा अल्बम ध्वनिमुद्रित झाला आणि जानेवारी १९७७मध्ये बाजारात आला.

माझं म्हणणं सरळ आहे. बुजुर्ग ब्लूज कलावंताचा अल्बम असाच करावा. विंटरने सगळ्यांना एका खोलीत बसवलं आणि एकत्र वाजवायला लावलं. वाद्यांच्या तोंडाशी माइक होतेच, पण खोलीत घुमणारा आवाज पकडायलाही वेगळे माइक लावले. 'मॅनिश बॉय'ची सुरुवात ऐका. मडी एकटा हाक देतो, मागून साथीदार ओरडून दाद देतात आणि मग पहिला ठोका पडतो. त्या ठोक्यात ड्रमइतकीच ती खोलीही ऐकू येते. हे गाणं त्याने १९५५मध्ये पहिल्यांदा केलं होतं. मला १९७७चं जास्त आवडतं, कारण त्यात आवाज वयाने जड झालाय, तरी कुठे दबत नाही.

उलट उदाहरण १९६८च्या 'इलेक्ट्रिक मड'चं. चेसच्या मालकाचा मुलगा मार्शल चेस याने ठरवलं की मडीला हिप्पी पिढीपर्यंत न्यायचं. फझ, वाह-वाह असे गिटारचा आवाज बदलणारे परिणाम, रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचं एक गाणंसुद्धा. या सगळ्यात मडी स्वतःच्याच अल्बमवर पाहुणा वाटतो. निर्मात्याने खोली चांगली लावून द्यावी आणि बाजूला व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

फझ_आणि_वाह:
पूर्ण असहमत. 'इलेक्ट्रिक मड'वर वाजवलंय कोणी ते बघा. गिटारवर पीट कोसी आणि फिल अपचर्च, बासवर लुई सॅटरफील्ड, ड्रमवर मॉरिस जेनिंग्ज, मांडणीत चार्ल्स स्टेपनी. शिकागोच्या जॅझ आणि सोलमधली त्या वेळची ही अव्वल माणसं. हाच कोसी पुढे जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसकडे गेला आणि सत्तरीच्या दशकातल्या त्याच्या सगळ्यात खवळलेल्या बँडमध्ये वाजवू लागला. पब्लिक एनिमी या रॅप गटाचा चक डी या अल्बमवर इतका भाळला की त्याने मार्शल चेसला गाठलं आणि त्या जुन्या वादकांना पुन्हा एकत्र आणण्यात भाग घेतला.

आणि मूळ प्रश्न असा. मडी १९४३मध्ये मिसिसिपी सोडून शिकागोला आला, थोड्याच काळात इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली. त्याआधी १९४१मध्ये लोकसंगीत गोळा करणाऱ्या अ‍ॅलन लोमॅक्सने लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी स्टोव्हॉलच्या मळ्यावर त्याचं साधं, बिनविजेचं वादन टिपलं होतं. त्या हिशेबाने शिकागोतली वीजसुद्धा भ्रष्टाचारच म्हणायची का? 'हार्ड अगेन'वर 'मॅनिश बॉय' आहे १९५५चं आणि 'आय कान्ट बी सॅटिस्फाइड' आहे १९४८चं. कलावंताला त्याच्या जुन्या गाण्यांपाशी परत नेऊन बसवणं, याला मी निर्मिती म्हणत नाही.

स्लाइडवेडा:
वीज कोणी आणली हाच तर मुद्दा आहे. शिकागोच्या गोंगाटी दारूच्या गुत्त्यांत साधी गिटार ऐकूच येत नव्हती, म्हणून मडीने स्वतःच्या गरजेने ती बदलली. 'इलेक्ट्रिक मड'चा आराखडा दुसऱ्याचा होता. मडीला तो अल्बम आवडला नव्हता आणि हे त्याने लपवलं नाही. जे स्टेजवर स्वतःच्या बँडबरोबर वाजवता येत नाही, ते घेऊन काय करायचं, अशी त्याची तक्रार होती. नंतर चेसने त्याला लंडनला नेऊन रोरी गॅलघर, स्टीव्ह विनवुड अशा रॉकवाल्या मंडळींबरोबर बसवलं. वादक उत्तम आहेत हे त्याने मान्य केलं. पण माझा आवाज बदललात तर अख्खा माणूसच बदलता, असंही सांगितलं. लंडनच्या त्या अल्बमला ग्रॅमी मिळालं होतं, तरीही.

जुन्या गाण्यांबद्दल: आपल्याकडे सत्तरीतला गवई पुन्हा यमन मांडतो तेव्हा नवं काय केलंस असं आपण विचारत नाही, आज यमन कसा दिसला ते ऐकतो. ब्लूजही याच जातीचं संगीत आहे. शिवाय 'हार्ड अगेन'वर 'द ब्लूज हॅड अ बेबी अँड दे नेम्ड इट रॉक अँड रोल' आहे, ते तरी जुनं नाही.

वांद्रे_पश्चिम:
तुम्ही दोघंही श्रोत्याला विसरताय. मेहबूब स्टुडिओत २०११च्या ब्लूज महोत्सवात शिकागोचा ब्लूज गिटारवादक बडी गाय आला होता. १९६४च्या 'फोक सिंगर' अल्बमवर मडीच्या शेजारी बसून गिटार वाजवणारा तोच हा बडी गाय. तेव्हापासून मी हे संगीत नीट ऐकायला लागले. आजूबाजूला बघितलं तर बहुतेक सगळे रॉकमार्गे आलेले, माझ्यासारखेच.

१९७६मध्ये अमेरिकेतही तेच होतं. तरुण कृष्णवर्णीय श्रोता सोल आणि फंककडे गेला होता. मडीची तिकिटं आणि तबकड्या घेणारी गर्दी मुख्यतः गोऱ्या कॉलेजवयीन मुलांची. म्हणजे 'इलेक्ट्रिक मड' आणि 'हार्ड अगेन' एकाच गिऱ्हाइकाला विकले गेले. १९६८च्या मुलाला सायकेडेलिया, म्हणजे नशेच्या तंद्रीसारखं रॉक, हवं होतं, १९७७च्या मुलाला 'अस्सल' हवं होतं. ज्याला आपण अस्सल म्हणतो त्याचीही बाजारात मागणी असते, आणि ती पुरवणारा विंटर हा मार्शल चेसइतकाच व्यापारी निर्णय घेत होता. मला अल्बम आवडतो. फक्त त्याला कोणी सोवळ्यात ठेवू नये.

स्लाइडवेडा:
बाजाराचं मान्य. पण मागणी एकच असली तरी मडीचं काय झालं ते बघा. पियानोवर पाइनटॉप पर्किन्स, गिटारवर बॉब मार्गोलिन, ड्रमवर विली 'बिग आइज' स्मिथ, हे तिघं त्या काळी त्याच्याबरोबर गावोगाव हिंडणारे. हार्मोनिकावर जेम्स कॉटन, जो १९५४पासून बारा वर्षं त्याच्याकडे होता. अल्बम झाला की दुसऱ्या दिवशी हीच गाणी घेऊन स्टेजवर जाता येत होतं. महिनाभरात, नोव्हेंबर १९७६मध्ये, तो सॅन फ्रान्सिस्कोत 'द बँड' या रॉक गटाच्या निरोपाच्या मैफलीत 'मॅनिश बॉय' गायला. ते चित्रण बघा आणि मग सांगा की हा माणूस भूतकाळात बसवलेला दिसतो का.

बारा_बार:
मी बरीच वर्षं हार्मोनिका वाजवतो, म्हणून एक भर. 'त्याची स्वतःची बँड' हे अर्धंच खरं आहे. त्या वेळी त्याच्याकडे हार्मोनिकावर जेरी पोर्टनॉय होता, बासवर कॅल्विन जोन्स, गिटारवर ल्यूथर 'गिटार ज्युनिअर' जॉन्सन. तिघंही 'हार्ड अगेन'वर नाहीत. बासवर चार्ल्स कॅलमीझ आला. म्हणजे विंटर बाजूला झाला नव्हता, त्याने माणसं निवडली होती. आणि निवड अचूक होती. कॉटनचा फुंकरीचा जोर पोर्टनॉयकडे नाही. पोर्टनॉय बारीक कलाकुसरीचा वादक, मला तो मनापासून आवडतो, पण त्या खोलीत आगीवर तेल ओतणारा माणूस लागत होता. 'आय कान्ट बी सॅटिस्फाइड'वर स्लाइडही (बोटातली नळी तारांवर सरकवून वाजवायची गिटार) विंटरने वाजवली आहे, मडी फक्त गातो. हात घातलाच की निर्मात्याने. फक्त कुठे घालायचा ते त्याला कळत होतं.

फझ_आणि_वाह:
धन्यवाद, माझंच म्हणणं तुम्ही पुराव्यासकट मांडलंत. फरक हात घालण्याचा नाही, फरक आवडीनिवडीचा आहे.

आणि सगळ्यांना एका खोलीत बसवायची ही पद्धत नेहमी चालली असंही नाही. १९७८च्या 'आय अ‍ॅम रेडी'त जिमी रॉजर्स आणि वॉल्टर हॉर्टन हे जुने सोबती आले, तो अल्बम उत्तम आहे. पण १९८१चा 'किंग बी' घ्या. निर्माता तोच, वादक मडीचेच. पैशांवरून बँडशी बिनसलं, काम अर्धवट थांबलं आणि अल्बम पुरा करायला 'हार्ड अगेन'च्या वेळची उरलेली ध्वनिमुद्रणं वापरावी लागली. एका खोलीत सगळ्यांना बसवायचं तर त्या खोलीतल्या प्रत्येकाला नीट पैसे मिळायला हवेत. ते स्लाइडवेडाच्या सूत्रात कुठेच नाही. 'इलेक्ट्रिक मड'चे वादक पगारी होते, आले, वाजवून गेले, आणि अल्बम सलग एका विचाराचा झाला.

स्लाइडवेडा:
पैशांचा मुद्दा माझ्या मांडणीत यायलाच हवा, आणि तो मडीपासून सुरू होतो. गाण्यांच्या हक्कांच्या पैशांसाठी त्याला आणि गीतकार विली डिक्सनला चेसच्या आर्क म्युझिक या प्रकाशन कंपनीविरुद्ध सत्तरीच्या दशकात कोर्टात जावं लागलं. पण 'किंग बी' फसला तो पैशांमुळे, एका खोलीत बसून वाजवल्यामुळे नाही. त्यातली जी गाणी त्याच बँडने पुरी केली, ती सलग ऐकून मग बोलू. मला त्यात मडीचा आवाज थकलेला वाटतो, बँड नाही.