फ्रान्समधील सुट्टीचे घर हिवाळ्यात सहा महिने भाड्याने द्यावे का?

मानपाडेकर (ठाणे)

नमस्कार. मुलगी तुलूझला नोकरीत असताना आम्ही मायलेकींनी आजां शहराजवळच्या एका खेड्यात दगडी बांधणीचे छोटे घर घेतले. निम्मे तिच्या नावावर, निम्मे माझ्या. उन्हाळ्यात ते सुट्टीवर आलेल्या कुटुंबांना आठवड्याच्या हिशेबाने दिले जाते, आणि चाव्या व साफसफाई गावातील एक बाई पाहतात. ऑक्टोबर ते मार्च मात्र घर बंद असते. मुलगी आता टोरांटोला स्थायिक झाली आहे. नळ गोठू नयेत म्हणून बंद घरातही हीटर मंद चालू ठेवावे लागतात, आणि तरीही वसंतात दार उघडले की कपाटामागच्या भिंतीवर बुरशी आलेली असते.

यंदा एका फ्रेंच जोडप्याने सहा महिन्यांसाठी घर मागितले आहे. त्यांनी स्वतःचे घर विकले असून नवीन घराच्या ते शोधात आहेत. पत्रपेटीवर स्वतःचे नाव लावले तर चालेल का आणि मुलाला गावच्या शाळेत घालण्यासाठी या पत्त्याचा दाखला मिळेल का, असे त्यांनी अदबीने विचारले आहे. मला यात वावगे वाटत नाही. आपल्याकडे जसा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवतो आणि मुदत संपली की माणूस घर सोडतो, तसा सहा महिन्यांचा करार तिथे करता येईल का? शिवाय हिवाळ्यात भाडेकरूला बाहेर काढता येत नाही असे ऐकले, ते कितपत खरे आहे?

पाचपाखाडी

ताई, माझे स्पष्ट मत असे की घर बंदच ठेवावे. ठाण्यातल्या फ्लॅटमधून भाडेकरू काढताना नाकी नऊ येतात. इतक्या दूर, परक्या भाषेतल्या कोर्टात कोण खेटे घालणार? सहा महिन्यांच्या भाड्यासाठी पुढच्या उन्हाळ्याची बुकिंगे पणाला लावू नयेत.

गारोनकाठ (मूळचा नेरूळचा, मुक्काम तुलूझ)

पाचपाखाडी यांची काळजी रास्त आहे; उपाय मात्र टोकाचा वाटतो. घर जरूर द्यावे, पण या जोडप्याला देऊ नये. कारण सांगतो.

आपल्या लिव्ह अँड लायसन्समध्ये कागदावर काय लिहिले आहे याला मोठे वजन असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ नुसार मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि न हटणाऱ्याकडून दुप्पट शुल्क मागता येते. फ्रान्समध्ये पहिला प्रश्न असा विचारला जातो की हे घर राहणाऱ्याचे मुख्य निवासस्थान आहे की नाही. ते असेल, तर ६ जुलै १९८९ चा भाडेकायदा आपोआप लागू होतो, सुसज्ज घराचा करार किमान एक वर्षाचा धरला जातो (विद्यार्थ्यांसाठी नऊ महिन्यांचा), आणि तुम्ही सहा महिने लिहिलेत म्हणून ते सहा होत नाहीत. वर्ष संपतानाही मालकाला तीन महिने आधी नोटीस द्यावी लागते, तीसुद्धा विक्री, स्वतः राहणे किंवा तसेच गंभीर कारण असेल तरच. या जोडप्याने जुने घर विकले आहे, पत्रे तुमच्या पत्त्यावर येणार आणि मूल गावच्या शाळेत जाणार. म्हणजे मुख्य निवासाचा पुरावा त्यांनी तुमच्या हाती आधीच ठेवला आहे. ती माणसे प्रामाणिक असतील याबद्दल मला शंका नाही. पण मार्चपर्यंत त्यांना घर मिळाले नाही तर जूनमधल्या तुमच्या पाहुण्यांचे काय करायचे, हा प्रश्न प्रामाणिकपणाने सुटत नाही.

तीन महिने सुट्टीचा करार आणि मग पुन्हा तीन महिने, अशी युक्ती तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. सुट्टीच्या भाड्याला एकाच व्यक्तीसाठी सलग ९० दिवसांची मर्यादा आहे, त्यामुळे ती वाट धरू नका.

तुमच्या कामाचा करार म्हणजे २०१८ च्या एलान या गृहनिर्माण कायद्याने आणलेला ‘बाय मोबिलिते’, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामासाठीचा सुसज्ज घराचा भाडेकरार. तो एक ते दहा महिन्यांचा असतो आणि मुदत संपली की संपतो. अट अशी की भाडेकरू शिक्षण, प्रशिक्षण, इंटर्नशिप, बदली किंवा तात्पुरती कामगिरी अशा ठरावीक कारणांपैकी एखाद्या कारणाने आलेला असावा, आणि ते कारण करारात लिहिलेले असावे. ते राहून गेले तर साधा भाडेकायदा पुन्हा दारात उभा. यात अनामत घेता येत नाही. त्याऐवजी भाडेकरूला ‘व्हिसाल’ ही मोफत हमी काढायला सांगा, ती थकलेले भाडे आणि घराचे नुकसान दोन्ही पाहते. दहा महिन्यांच्या आत मुदत एकदा वाढवता येते. त्याच माणसाशी त्याच घरासाठी नवा करार केलात, तर मात्र तो साधा भाडेकरार ठरतो.

राहिला हिवाळ्याचा प्रश्न. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात घर जबरदस्तीने रिकामे करण्याची कारवाई थांबलेली असते, एवढाच त्याचा अर्थ. भाडे माफ होत नाही आणि कोर्टात दावाही लावता येतो. तुमचा खरा धोका १ एप्रिलनंतरचा आहे, कारण बंदी उठली तरी निकाल, नोटीस आणि प्रत्यक्ष ताबा यांत उन्हाळा निघून जातो.

एक कागद आत्ताच काढा, तो म्हणजे घराचा डीपीई, अर्थात ऊर्जावापराचा दाखला. १ जानेवारी २०२५ पासून ‘जी’ या सर्वांत खालच्या श्रेणीचे घर राहण्यासाठी नव्याने भाड्याने देता येत नाही, आणि जुलै २०२१ पूर्वीचे दाखले आता बाद झाले आहेत. दगडी भिंती आणि जुने विजेचे हीटर म्हटल्यावर भीती वाटणे साहजिक आहे. पण १ जानेवारी २०२६ पासून श्रेणीच्या हिशेबात विजेचा वापर ज्या आकड्याने गुणतात तो २.३ वरून १.९ वर आला आहे, त्यामुळे विजेवर तापणाऱ्या घरांची श्रेणी थोडी सुधारू शकते.

करसल्लागार_वाशी

वरील माहितीत भारताच्या बाजूची थोडी भर घालतो. आपण भारतात निवासी असल्यामुळे आपल्या निम्म्या हिश्श्याचे भाडे येथील विवरणपत्रातही दाखवावे लागेल. फ्रान्स ते भाडे आधी करपात्र धरेल (अनिवासींना साधारणपणे किमान २० टक्के दर, शिवाय सामाजिक आकारणी वेगळी), आणि दोन देशांतील कर-करारानुसार तेथे भरलेल्या आयकराचे श्रेय येथे मागता येते. लक्षात ठेवण्याजोगी बाब अशी की ऑक्टोबर ते मार्च हा काळ आपल्या एकाच आर्थिक वर्षात बसतो, पण फ्रान्सचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असल्यामुळे तेथे तो दोन वर्षांत विभागला जातो. त्यामुळे प्रत्येक महिन्याच्या भाड्याची पावती तारखेसह वेगळी ठेवा, नाहीतर श्रेय मागताना आकडे जुळवणे कठीण जाते. भाडे आले वा न आले, हे घर परदेशी मालमत्तेच्या अनुसूची एफएमध्ये दरवर्षी दाखवायचेच आहे. तिथे ते राहून गेल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

मानपाडेकर (ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. त्या जोडप्याला नम्रपणे नकार कळवला. चाव्या सांभाळणाऱ्या बाईंकडून समजले की गोल्फेश अणुवीज केंद्रात दुरुस्तीच्या कामावर येणारे एक पर्यवेक्षक ऑक्टोबर ते फेब्रुवारी राहायला जागा शोधत आहेत. त्यांचे कुटुंब नॉर्मंडीतच राहणार आहे. हे कारण चालेल ना? आणि विजेचे काय करावे? उन्हाळ्यात आम्ही ती भाड्यातच धरतो. घरात लाकडाची शेगडीही आहे.

गारोनकाठ

उत्तम चालेल. कंपनीने दिलेले कामगिरीचे पत्र करारासोबत जोडून घ्या. गोल्फेशच्या आसपास अशा मंडळींना घरे देणारे बरेच मालक आहेत, आणि ही माणसे दिवसभर कामावर असल्यामुळे घर फारसे वापरले जात नाही.

वीज भाड्यात मुळीच धरू नका. या करारात इतर खर्चांसाठी ठोक रक्कमच घेता येते, नंतर मीटर पाहून फरक मागता येत नाही. जानेवारीत खिडकी उघडी ठेवून हीटर चालवणारा निघाला तर ते बिल तुमच्या माथी बसेल. मीटरचा क्रमांक द्या आणि जोडणी त्यांच्या नावावर करून घ्यायला सांगा. शेगडीचे धुराडे त्यांनी पाऊल ठेवण्यापूर्वी साफ करून घ्या व पावती जपून ठेवा, कारण आग लागली तर विमा कंपनी सर्वप्रथम तीच मागते. भाडेकरूने स्वतःचा घरविमा काढल्याचा दाखलाही चावी देण्याआधी हातात हवा.

चावी देताना घराच्या स्थितीची नोंद खोलीगणिक दोघांच्या सह्यांनी करा. कपाटामागच्या त्या बुरशीचा फोटो तारखेसह त्या नोंदीला जोडा, म्हणजे ओल कोणाच्या काळातली यावर फेब्रुवारीत वाद होणार नाही. आणि रोज दहा मिनिटे खिडक्या उघडायच्या, हे बाईंनी त्यांना पहिल्याच दिवशी सांगावे.