मदत हवी आहे: फोनमधली विश्वासार्ह रूट सर्टिफिकेटं अ‍ॅपमधून कशी तपासायची?

नमस्कार मंडळी,

एका पतसंस्थेच्या पिग्मी एजंटांसाठी अ‍ॅप लिहितोय. फोनमध्ये कुणी बाहेरून रूट सर्टिफिकेट (ज्याच्या भरवशावर फोन सर्व्हरची ओळख खरी मानतो ते) टाकलं असेल, तर वसुली सुरू होण्याआधीच एजंटला ते कळायला हवं. गरिबांची रोजची बचत या फोनवरून जाते, म्हणून यात मला ढिलाई नको आहे.

सिस्टीमच्या 'सीएसर्ट्‌स' (cacerts) या मूळच्या रूट सर्टिफिकेटांच्या फोल्डरमधल्या फायली थेट वाचायचा मार्ग सोडलाय. अँड्रॉइड १४ पासून त्या सर्टिफिकेटांची यादी कॉन्स्क्रिप्ट (Conscrypt) या अँड्रॉइडच्या वेगळ्या अपडेट होणाऱ्या मॉड्यूलमध्ये गेली आणि सिस्टीम अपडेटशिवायही बदलू शकते. शिवाय वापरकर्त्याने टाकलेली सर्टिफिकेटं त्या फोल्डरात नसतातच.

आता कीस्टोअर (KeyStore) वर्गाकडून 'अँड्रॉइडसीएस्टोअर' (AndroidCAStore) ही सर्टिफिकेटांची यादी मागवतो, लोडला दोन्ही पॅरामीटर नल (null, म्हणजे रिकामे) देतो आणि एलियस, म्हणजे यादीतली नावं, एकेक करून बघतो. 'सिस्टीम:' ने सुरू होणारी मूळची, 'यूजर:' वाली नंतर टाकलेली. परवानगी लागत नाही. सेटिंग्जमध्ये बंद केलेलं सर्टिफिकेट या यादीत येत नाही, हे फार सोयीचं.

अडलंय ते इथे:

१. काही फोन संस्थेच्या एमडीएमवर (फोन दुरून सांभाळणाऱ्या व्यवस्थेवर) आहेत. त्यातून आलेलं सर्टिफिकेटही 'यूजर:' मध्येच दिसतं. ते वेगळं कसं ओळखायचं? डिव्हाइस पॉलिसी मॅनेजरकडची (अँड्रॉइडच्या फोन-व्यवस्थापन एपीआयची) यादी फक्त अ‍ॅडमिन अ‍ॅपला मिळते, आणि माझं अ‍ॅप अ‍ॅडमिन नाही.

२. आयफोनवर अशी यादी मिळते का?

प्रतिसाद १

एमडीएमच्या सर्टिफिकेटचा एसएचए-२५६ ठसा (सर्टिफिकेटवरून गणिताने काढलेली त्याची खास खूण) संस्थेच्या आयटीवाल्यांकडून घ्या आणि अ‍ॅपमध्ये ठेवा. यादीतल्या प्रत्येक 'यूजर:' सर्टिफिकेटचा ठसा काढून ताडून बघा. नाव बघून ठरवू नका, सर्टिफिकेटवर नाव कुणीही काहीही घालू शकतो.

पण इशाऱ्यालाच संरक्षण समजू नका. टार्गेट एपीआय (अ‍ॅप ज्या अँड्रॉइड आवृत्तीसाठी बांधलंय तिचा क्रमांक) २४ किंवा पुढचा असेल, तर अ‍ॅप 'यूजर:' सर्टिफिकेटांवर मुळात विश्वास ठेवत नाही. नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिगमध्ये (अ‍ॅपने कुणावर विश्वास ठेवायचा ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) टेस्टिंगसाठी कुणी 'यूजर' ट्रस्ट अँकर, म्हणजे 'यूजर:' सर्टिफिकेटांवरही विश्वास ठेवायची नोंद, घातलाय का ते आधी बघा. तो डीबग-ओव्हरराइड्समध्येच (फक्त चाचणीच्या बिल्डला लागू होणाऱ्या भागात) हवा, रिलीजमध्ये नको.

प्रतिसाद २

आयफोनवर यादी वाचायला उघडा एपीआय नाही. सर्व्हरच्या सर्टिफिकेटांची साखळी आयफोनच्या 'सेकट्रस्ट' (SecTrust) एपीआयकडे द्यायची, ते चालेल की नाही एवढंच सांगतं. मात्र वापरकर्त्याने प्रोफाइल टाकून सेटिंग्जमध्ये पूर्ण विश्वास चालू केलेलं रूटही तिथे पास होतं, त्यामुळे तुमच्या सर्व्हरची पब्लिक की पिन करा, म्हणजे अ‍ॅपमध्ये नोंदवून फक्त तीच मान्य करा. पुढे वापरायची राखीव कीही आधीच पिन करून ठेवा, नाहीतर की बदलल्या दिवशी सगळ्यांचं अ‍ॅप बंद पडेल.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आमच्या कॉन्फिगमध्ये 'यूजर' अँकर बेस-कॉन्फिगमध्येच (रिलीजलाही लागू होणाऱ्या भागात) सापडला. तो आज हलवतोय, ठसे सोमवारी मागवतो.