एकाला ६५ इंची हवा, दुसऱ्याला ४३ पुरे: दहा फुटी हॉलमध्ये बरोबर कोण?

(टीव्हीच्या मापावरची ऑनलाइन चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

सुतळीटेप

वर्ल्ड कप म्हटलं की कोल्हापुरात घरोघरी हा वाद निघतोच. २०२६चा फुटबॉल वर्ल्ड कप ११ जून ते १९ जुलै, सामने अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊपासून पार सकाळपर्यंत. नवरा-बायकोतल्या एकाला ६५ इंची टीव्ही हवा असतो, दुसऱ्याला ४३ पुरे वाटतो. "एवढं धूड हॉलमध्ये कशाला?" आणि "एकदाच घ्यायचाय तर मोठाच घेऊ" यावर महिना जातो, पण टेप कोणी हातात घेत नाही.

माझ्या मते ६५ मागणारा बरोबर आहे.

हॉल १० बाय १३ धरू. सोफा एका लांब भिंतीला, टीव्ही समोरच्या. सोफ्याची पाठ आणि बसणाऱ्याचं डोकं यात २ फूट जातात, टीव्ही भिंतीपासून ३ इंच पुढे येतो. डोळ्यापासून पडद्यापर्यंत उरले पावणेआठ फूट, म्हणजे ९३ इंच. दुकानात सांगतात तो आकडा कर्णाचा; रुंदी ६५ची १४४ सेंमी, ५५ची १२२, ४३ची ९५. पावणेआठ फुटांवरून ६५ इंची पडदा नजरेत ३४ अंश व्यापतो, ५५ इंची २९, ४३ इंची २३. तंत्रज्ञांची जुनी शिफारस ३० अंशांची, थिएटरसारखं वाटायचं तर ४०. लक्षात ठेवायचं तर कर्णाला १.६ने गुणा, ३० अंशांचं अंतर मिळतं, १.२ने गुणा, ४० अंशांचं. ६५साठी हे पावणेनऊ फूट आणि साडेसहा फूट. आपला हॉल नेमका या दोहोंच्या मध्ये पडतो.

आणखी एक. ४३ इंची फोर-के (फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचा टीव्ही) घेऊन पावणेआठ फुटांवर बसलात तर फोर-केचे पैसे वाया जातात. चांगल्या नजरेलासुद्धा ४३वर फुल एचडीचे ठिपके साडेपाच फुटांच्या पलीकडून सुटे दिसत नाहीत. मग त्याहून बारीक ठिपक्यांचा उपयोग काय? ६५वर हीच मर्यादा साडेआठ फुटांची आहे. म्हणजे या हॉलमध्ये फोर-केचा फरक डोळ्यांना कळायचा तर पडदा मोठाच लागतो.

माजघर

गणित बरोबर आहे, पण ते सोफ्याच्या मधोमध बसलेल्या एका माणसाचं आहे. घरात चार माणसं असतात. मुलं सतरंजीवर पाच फुटांवर बसतात, त्यांना तोच ६५ इंची पडदा ५० अंशांचा होतो, मान डावी-उजवीकडे फिरवावी लागते. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून तो तिरका दिसतो. स्वस्तातल्या बऱ्याच मोठ्या टीव्हींना व्हीए जातीचं पॅनल, म्हणजे पडदा, असतं. त्याचा काळा रंग गडद दिसतो, पण बाजूने पाहिलं की रंग फिके पडतात. आयपीएस जातीचं पॅनल बाजूने चांगलं दिसतं, मात्र दिवे घालवले की काळ्याचा राखाडी होतो. एल आकाराचा सोफा असेल तर हे दुकानातच तिरकं उभं राहून बघावं लागतं, आणि तेवढं कोणी करत नाही.

सिग्नलचं काय? संध्याकाळच्या मालिका आणि बातम्या बहुतेक घरांत साध्या एसडी चॅनेलवर चालतात. एसडीचं चित्र ७२० बाय ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत ठिपके. फोर-के पडद्यावर ८३ लाख. एसडीचा एक ठिपका २० ठिपक्यांवर ताणला जातो. ६५वर हे चित्र स्वच्छ वाटायला जवळजवळ १६ फूट लांब बसावं लागेल. ४३लाही साडेदहा फूट लागतात, पण तिथे चेहरे निदान इतके फुटत नाहीत. वर्ल्ड कप ३९ दिवसांचा, मालिका वर्षभर.

आणि मुख्य मुद्दा. दोन खोल्यांच्या घरात हॉल म्हणजे मुलांचा अभ्यास, पाहुण्यांची बैठक, रात्रीचं अंथरूण, सगळं तिथेच. ६५ इंची पडदा लावला की सोफ्याची जागा, पंख्याखालची जागा, खिडकीचा पडदा, सगळं त्याच्या सोयीने ठरतं. नको म्हणणाऱ्याचा विरोध इंचांना नसतो, याला असतो. तो "तुला कळत नाही" म्हणून उडवून लावू नये.

मंगळवार_पेठ

ताई, सिग्नलचं म्हणताय ते खरं, पण त्यो दोष टीव्हीचा नव्हं की. निम्म्या घरांत नवा टीव्ही आणून जुन्याच बॉक्सला लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांची वायर लावत्यात. त्या वायरीतनं एसडीच येणार! एचडी बॉक्स आणि एचडीएमआय वायर लावा, चॅनेलचा एचडी पॅक घ्या, चित्र पाचपट ठिपक्यांचं येतंय. मॅच ॲपवरनं बघायची तर २५ एमबीपीएस नेट बास. राऊटर लांब असला तर वायफायवर भरवसा ठेवू नका, लॅनची वायर ओढा. फोर-केला तासाला ७ जीबीपर्यंत डेटा जातो, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर हे जमणार न्हाई.

फुटबॉलचं सांगतो. लांबच्या कॅमेऱ्यात मैदानाचं साधारण ५० मीटर दिसतंय असं धरा. २२ सेंमीचा बॉल ६५वर सहा मिलिमीटरचा दिसतो, ४३वर चार. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पेठेच्या टीमची लाईन बघणाऱ्या माणसाला बॉलमागं नजर पळवायची नसते, बचावफळी कुठं सरकली ते बघायचं असतं. चार मिलिमीटरात ते न्हाई जमत.

१२० हर्ट्झसाठी मात्र जादा पैसे घालू नका. मॅचचं प्रक्षेपण सेकंदाला ५०-६० चित्रांचंच असतंय. पळणारा खेळाडू धूसर दिसतो तो पॅनल हळू असला की.

रात्रीच्या आवाजावर उपाय ब्लूटूथ हेडफोन. आवाज चित्राच्या मागं पडला तर काही टीव्हींच्या सेटिंगमध्ये एव्ही सिंक (आवाज-चित्राची जुळवणी) असतं, तिथं जुळवून बघायचा. फायनल आपल्याकडं २० जुलैला रात्री साडेबाराला आहे, त्या रात्री घरातल्यांची झोप मोडायची गरज न्हाई.

माजघर

हेडफोनने आवाज थांबतो, उजेड थांबत नाही. दुकानातल्या विविड (सगळ्यात भडक) मोडवर ६५ इंची टीव्ही अंधारात अख्खी खोली उजळतो. बसवणाऱ्याकडून पहिल्याच दिवशी स्टोअर मोड काढून होम मोड करून घ्यावा, आणि रात्रीसाठी सिनेमा मोड लावून बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा उजेड, निम्म्याखाली आणावा. हे जो टीव्ही मागतो त्याने शिकून घ्यावं, नको म्हणणाऱ्यावर सोडू नये.

फिटर_लक्ष्मीपुरी

दोघंही भिंतीबद्दल बोलत नाहीत. भिंत कसली आहे, हे इंच ठरवण्याआधी बघा.

६५ इंची टीव्ही स्टँडशिवाय २० ते २५ किलो. नऊ इंची पक्क्या विटेच्या भिंतीत अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) घालून तो आरामात राहतो. नव्या फ्लॅटमध्ये एएसी ब्लॉकच्या भिंती असतात, पांढऱ्या, हलक्या. त्यात लोखंडी फास्टनर आवळला की तो फुगतो आणि ब्लॉक आतून फुटतो. त्या दिवशी काही दिसत नाही, काही महिन्यांनी ब्रॅकेट सैल पडतं. तिथे ड्रिलचा हॅमर बंद ठेवून नुसतं फिरवून भोक पाडायचं आणि एएसीसाठी मिळणारे लांब नायलॉन प्लग वापरायचे. पलीकडची खोली आपलीच असेल तर आरपार बोल्ट घालून मागे पट्टी लावावी, ते सगळ्यात भक्कम.

पेठांतल्या जुन्या घरांत विटा मातीत बसवलेल्या असतात. प्लास्टर सिमेंटचं दिसतं म्हणून फसू नका. ड्रिलमधून लाल-तपकिरी मऊ माती आली की तिथेच थांबा. अशा भिंतीला ६५ काय, ५५सुद्धा टांगू नये. टेबल घ्या. पण टेबल घेताना टीव्हीच्या दोन पायांमधलं अंतर मोजा; ६५ला ते चार फुटांच्या आसपास किंवा जास्त असतं, आणि घरातलं जुनं युनिट नेमकं चार फुटी निघतं.

पुढे ओढायच्या स्विंग ब्रॅकेटचा फार आग्रह होतो. २२ किलोचा टीव्ही भिंतीपासून ५० सेंमी पुढे ओढला आणि पट्टीवरचे वरचे-खालचे बोल्ट २५ सेंमी अंतरावर असले, तर वरच्या बोल्टांवर सरळ बाहेरच्या दिशेने ४४ किलोची ओढ येते. भिंत चोख असल्याशिवाय नको.

उंचीही चुकते. फोटोफ्रेम लावल्यासारखा टीव्ही पाच फुटांवर लावतात आणि मग मान दुखते. सोफ्यावर बसलेल्याचा डोळा जमिनीपासून ४० ते ४२ इंचांवर असतो, पडद्याचा मध्य तिथे यावा. ६५ची उंची ३२ इंच, म्हणजे खालची कड साधारण २६ इंचांवर. घरात गादी-तक्क्याची बैठक असेल तर आणखी खाली.

पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर शक्यतो लावू नका. आपल्याकडचा पाऊस त्याच अंगाने मारतो, आषाढात प्लास्टरला ओल येते आणि टीव्हीच्या मागे हवा खेळत नाही. आतली भिंत निवडा. वळवाच्या दिवसांत ढग गडगडले की पॉवरचा प्लग काढाच, पण डिशची किंवा केबलची वायर आणि लॅनही काढा. वीज तिकडूनही आत येते. सर्ज प्रोटेक्टर अर्थिंग नसेल तर शोभेचा. मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आधी अर्थिंग दुरुस्त करा, टीव्ही नंतर.

खातेवही

२२ सप्टेंबर २०२५पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वी ५०,००० किंमत असेल तर आधी ६४,००० पडायचे, आता ५९,०००. एवढाच फरक. "आता खूप स्वस्त झालाय" या बोलण्यावर ५५चा ६५ करू नये.

हप्त्यांचंही तसंच. बिनव्याजी हप्ता म्हणतात, पण प्रोसेसिंग फी असते, त्यावर जीएसटी असतो, आणि रोखीवर मिळणारी सूट जाते. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३मध्येच बँकांना बजावलंय. दुकानदाराकडून रोखीचा भाव आणि हप्त्यांची एकूण बेरीज एकाच कागदावर लिहून घ्या आणि तो कागद दोघांनी मिळून बघा. वीजबिलाची भीती मात्र अनाठायी आहे: १३० वॅटचा ६५ इंची रोज पाच तास चालला तर महिन्याला साडेएकोणीस युनिट, ७० वॅटचा ४३ इंची साडेदहा. फरक नऊ युनिटांचा. घर नेमकं १०० युनिटांच्या काठावर असेल तरच वरच्या युनिटांना पुढच्या टप्प्याचा दर लागेल.

खरा खर्च पॅनलचा. मुलाच्या हातून खेळणं लागून पडदा फुटला तर वॉरंटी चालत नाही, आणि नवं पॅनल टीव्हीच्या निम्म्या किमतीच्या पुढे सहज जातं. लहान मूल घरात असेल तर माझं मत ५५, आणि उरलेल्या पैशांत साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली तोंड करून असतात, फरशी आणि स्लॅबच्या हॉलमध्ये आवाज घुमतो आणि संवाद कळत नाहीत. साउंडबार एचडीएमआयच्या 'एआरसी' लिहिलेल्या (टीव्हीचा आवाज बाहेर देणाऱ्या) खाचेतच लावायचा. दिवसभर बातम्यांची पट्टी चालणाऱ्या घरात ओलेड (ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो असा पडदा) घेऊ नये; पट्टी आणि चॅनेलचा लोगो कालांतराने पडद्यावर उमटून राहू शकतात.

मंगळवार_पेठ

५५ म्हणजे मधला मार्ग म्हणून सांगताय. ६५चा पडदा ५५पेक्षा क्षेत्रफळानं ४० टक्के मोठा असतो. भांडण मिटावं म्हणून ५५ घेतला की एकाला छोटा वाटतो आणि दुसऱ्याला मोठाच वाटतो.

नदीकाठ

शाहूपुरी, नागाळा पार्क, दुधाळी, सुतारवाडा या भागांत तळमजल्यावर राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट धरावी. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पाणी घरांत शिरलं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ धोका पातळी. पाणी ३९ फुटांवर आलं की टीव्ही उतरवायला घ्यायचा, ४३ फुटांची वाट बघायची नाही. ४३ इंची एक माणूस उतरवून माडीवर नेतो. ६५ला दोन माणसं लागतात. तो आडवा निजवून नेला की पॅनल स्वतःच्या वजनाने वाकून तडकतं, म्हणून उभाच धरावा लागतो, आणि साडेपाच फुटांचा खोका अरुंद जिन्याच्या वळणावर अडकतो. जिना मोजल्याशिवाय ६५ घेऊ नका. ब्रॅकेटही असं निवडा की खालची खिटी ओढली की टीव्ही सुटेल. त्या घाईत स्क्रू शोधत बसायला वेळ नसतो. पूर ओसरल्यावर बंद घरात दमट हवेत राहिलेला टीव्ही लगेच चालू करू नका, दोन-तीन दिवस पंख्याखाली कोरडा होऊ द्या.

सुतळीटेप

जिन्याचा आणि मातीच्या भिंतीचा मुद्दा मान्य. तिथे मी ६५चा आग्रह सोडतो. पण पक्की भिंत, वरचा मजला आणि एचडी सिग्नल असेल, तर पावणेआठ फुटांवर ६५ हेच बरोबर माप आहे, हे माझं मत कायम.

दोघांनी एक करून बघा. रद्दीचे कागद जोडून १४४ बाय ८१ सेंमीचा तुकडा करा आणि जिथे टीव्ही येणार तिथे, खालची कड २६ इंचांवर ठेवून, आठ दिवस लावा. त्याच्यासमोर जेवा, अभ्यास घ्या, पाहुणे बसवा. खिडकीचा उजेड दुपारी तीन वाजता त्यावर पडतो का बघा. पडत असेल तर चित्रावर खिडकीच दिसणार. नको म्हणणाऱ्याला आठ दिवसांनंतरही तो कागद डोळ्यांत सलत असेल, तर १२२ बाय ६९चा कापा.

माजघर

हे मान्य. फक्त तुकडा काळ्या कागदाचा करा. बंद टीव्ही काळा दिसतो आणि दिवसातले बहुतेक तास तो बंदच असतो. डिस्टेंपरच्या भिंतीला चिकटपट्टी लावू नका, रंगाचा पापुद्रा निघतो. वर सुतळी बांधून टांगा.